दुसऱ्यांदा गेलेला स्लावीकाका

१४ मार्च २०११ रोजी राजधानीतून, सोफियाहून आलेल्या चित्रपटवाल्यांनी वेलिका गेंचेव्हाला साठ निधनपत्रकांचे छत्तीस लेव्हा रोख दिले. बिल मागितलं नाही, उरलेला कागदही नेला नाही.

डॅन्यूबकाठच्या ब्रेस्तोव्हेत्स गावात माणूस गेला की त्याचा फोटो आणि दोन ओळी छापून दारावर, झाडांवर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात, सहा महिन्यांनी, वर्षानेही लावतात. ही पत्रकं छापायचं आणि चिकटवायचं काम वेलिका एकोणीस वर्षं करत होती. इस्पितळासमोर तिचं छोटं दुकान होतं. तिथे मेणबत्त्या, काळ्या फिती आणि मर्तिकाचे टॉवेलही मिळत. ती खळीची बादली घेऊन रस्त्याने निघाली की चहाच्या टपरीवरचे पुरुष अपशकुन टळावा म्हणून टेबलाच्या लाकडाला बोटं ठोकत. "मावशी, आज कुणाकडे बघू नकोस," असं म्हणत. वेलिकाला त्याचं काही वाटत नसे. नवरा वारल्यावर त्याचं पत्रक तिने स्वतःच्या हाताने दारावर लावलं होतं, आणि दर वर्षी नवं लावत होती.

तिच्या वरच्या मजल्यावर स्लाव्यान कोंदोव्ह राहायचा. गावाचा स्लावीकाका. तरुणपणी तो गावच्या फुटबॉल संघात डाव्या बगलेने धावायचा. गुडघा गेल्यावर अठरा वर्षं त्याने रेडिओवरून सामन्यांचं वर्णन केलं. संघ मागे पडला की तो म्हणायचा, "बसा मंडळी, अजून संपलेलं नाही," आणि घराघरांत माणसं खरोखर खाली बसायची. पुढे तो मालिकांत कामं करू लागला. कधी आजोबा, कधी पोस्टमन, कधी चर्चचा घंटावाला. बायको गेली होती, मुलगी रालित्सा स्पेनमध्ये वालेन्सियाला होती. त्याच्याकडे वेलिकाची चावी असे आणि वेलिकाकडे त्याची.

मार्चमधल्या त्या चित्रपटात त्याचं पात्र मरतं. म्हणून त्याच्या फोटोची पत्रकं छापून गावभर लावली. चित्रीकरण आटोपलं, गाड्या सोफियाला गेल्या, पत्रकं तशीच राहिली. त्यांवर पात्राचं नाव होतं, पण त्या गावात पत्रकावरचं नाव कोण वाचतो? माणसं फोटो बघतात आणि फुलं घ्यायला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात रांग लागली. मेलेल्यासाठी आणतात तशी सम संख्येची फुलं, साखर घालून शिजवलेले गहू, वाईनच्या बाटल्या. सगळ्यात पुढे बोगोय होता, त्या संघाचा जुना गोलरक्षक. त्याने आपली पिवळी पडलेली जर्सी शवपेटीत ठेवण्यासाठी आणली होती आणि उंबऱ्यावरच तो ढसाढसा रडत होता.

दार स्लावीकाकाने उघडलं. अंगात पायजमा, तोंडात पावाचा घास.

त्याला हसू आवरेना. एवढंच झालं असतं तर निभावलं असतं. पण त्याने एका बाईच्या हातातला वाडगा घेतला आणि स्वतःच्या नावाने शिजवलेले गहू सगळ्यांसमोर उभ्याउभ्या खाल्ले. बोगोयने जर्सीची घडी घातली आणि खाली उतरला. त्यानंतर गाव म्हणू लागलं, आपण रडलो आणि तो हसला, आता पुन्हा नाही फसायचं.

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी, वरचा रेडिओ फार मोठ्याने लागला होता म्हणून वेलिका चावी घेऊन गेली. स्लावीकाका खुर्चीत बसला होता. हात गार झाले होते. दुसऱ्या दिवशी गावात सामना होता, म्हणून स्थानिक केंद्र त्याचंच जुनं वर्णन लावून बसलं होतं. वेलिकाने डोळे मिटवले, आरशावर चादर टाकली, आणि रेडिओ बंद करायला हात नेला तेव्हा आतून तोच म्हणाला, "बसा मंडळी." ती सवयीने खाली बसायला गेली. मग तिने तार ओढली.

तिने डॉक्टरांना आणि पाद्रीबाबांना कळवलं. दफनभूमीच्या माणसांनी पेटी आणून त्याला आत ठेवलं. रालित्साला फोन केला. विमान मंगळवारच्या आधी नव्हतं, आणि पाद्रीबाबा म्हणाले होते की हवा उबदार आहे, रविवारी पुरावंच लागेल.

"मावशी," रालित्सा म्हणाली, "बाबांना एकट्याने जाऊ देऊ नका. आयुष्यभर माणसांत राहिलेत ते. गाव येईल ना?"

"येईल," वेलिका म्हणाली.

इथे तिच्या हातून चूक झाली. घाईत तिने दुकानाच्या संगणकात होता तोच फोटो घेतला. नाव खरं घातलं, वय खरं घातलं, पण फोटो मार्चमधलाच. झाडाखाली माणसं थांबली, बघितलं, आणि एकमेकांना कोपर मारून पुढे गेली. टपरीवर तिने शपथेवर सांगितलं. एकाने रेडिओ वाढवला आणि बोट वर केलं. आतून स्लावीकाका एका गोलाबद्दल सांगत होता. "ऐक, बोलतोय बघ तो," माणूस म्हणाला, आणि या वेळी कुणीच लाकूड ठोकलं नाही. खाटकाच्या दुकानात टीव्हीवर मालिका चालली होती आणि स्लावीकाका घंटेचा दोर ओढत होता. खाटीक म्हणाला की चित्रपटवाल्यांनी या खेपेला तुला किती दिले ते तरी सांग. वेलिका जिथे जाई तिथे तो तिच्या आधी पोचलेला असे. तो बोलत असे, हसत असे, आणि ती मेलेल्यासारखी दारात उभी राही.

बोगोयने तर दार अर्धंच उघडलं. "त्याला सांग, माझं रडून झालंय," एवढं बोलून ते लावून घेतलं.

मेलेल्याला एकटं ठेवायचं नसतं. मांजर त्याच्या अंगावरून गेलं तर तो उठतो, हे तिकडे लहान मूलही सांगेल. वेलिकाला त्या दिवशी त्याला एकटं ठेवावं लागलं. ती परतली तेव्हा खिडकी उघडी होती आणि करडं मांजर पेटीच्या पायथ्याशी बसून पंजे चाटत होतं. ते आधी कुठे बसलं होतं, कुणास ठाऊक. तिने त्याला हाकललं, मेणबत्ती लावली आणि शेजारी खुर्ची ओढली. संध्याकाळी भिंतीपलीकडच्या घरात मालिका लागली. पलीकडून त्याचा आवाज यायचा, अलीकडे तो पडलेला. एकदा पलीकडे कुणीतरी विचारलं, "आजोबा, झोपलात का?" आणि तो म्हणाला, "नाही रे, ऐकतोय." वेलिकाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जिन्यावर एकही पाऊल वाजलं नाही.

रविवारी दुपारी पाद्रीबाबा, वेलिका आणि दफनभूमीचे चार पेटीवाले एवढेच निघाले. रस्ते ओस पडले होते. सगळं गाव सामन्याला गेलं होतं. पेटीची गाडी मैदानाजवळ आली तशी वेलिकाने ती चालवणाऱ्या पेटीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब. ते येत नाहीत तर आपण जाऊ."

पाद्रीबाबा म्हणाले हे बरं दिसत नाही. तुमची प्रार्थना रिकाम्या बाकांनी ऐकणं तरी कुठे बरं दिसतं, असं ती म्हणाली. फाटकावरचा मिंचो आडवा आला. चित्रपटवाले असले तरी आत जायला तिकीट लागतं, माणशी तीन लेव्हा. पाद्रीबाबांना त्याने सोडलं. बाकीच्यांचे नंतर देते, असं सांगून वेलिका आत शिरली.

मध्यंतर चालू होतं. चौघांनी पेटी मैदानाच्या मध्यावर, पांढऱ्या वर्तुळात ठेवली. तिकडच्या रीतीप्रमाणे झाकण उघडंच होतं. आधी हशा पिकला. मग माणसं कॅमेरा कुठे आहे ते शोधू लागली. मग कुणीतरी ओरडलं, "काका, उठा आता," आणि एका बाजूने टाळ्या सुरू झाल्या. दोन हजार माणसं एका ठेक्यात टाळ्या वाजवत होती. जसा खेळाडूला मैदानात बोलावतात, तसं त्याला बोलावत होती. टाळ्यांनी जमीन हादरत होती आणि पेटीतल्या फुलांच्या पाकळ्या हलत होत्या. गाव त्याला मनापासून बोलावत होतं. आता नाही उठला तर कधी उठणार, असं वेलिकाला वाटून गेलं. तिला मांजर आठवलं. ती त्याच्या पापण्यांकडे बघत राहिली, आणि तो उठावा की उठू नये हे तिला कळेना.

बोगोय काठी टेकत पायऱ्या उतरला. रागाने लाल झाला होता. वर्तुळापर्यंत आला, वाकला आणि म्हणाला, "स्लावी, पुरे कर. माझी नातवंडं बघताहेत."

त्याने थोडं थांबून वाट पाहिली. मग कपाळावर हात ठेवला. तो हात त्याने उचलला नाही. दुसऱ्या हाताने टोपी काढली.

जवळचे खेळाडू थबकले. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. आधी त्या बाजूच्या, मग गोलामागच्या, मग समोरच्या. अगदी लांबच्या कोपऱ्यात एकच माणूस बराच वेळ वाजवत राहिला. तो बहिरा आहे की काय, हे बघायला कुणी वळलं नाही. मग तोही थांबला.

"चला," बोगोय वेलिकाला म्हणाला. "पेटीची पायाकडची बाजू मला धरू द्या."

उरलेला सामना झाला नाही. पेटी फाटकातून बाहेर पडली तेव्हा दोन्ही संघ, पंच आणि सगळं गाव मागे होतं. फक्त पायांचा आवाज होता. दफनभूमीत फुलं कमी पडली म्हणून बायकांनी कुंपणावर जे फुललं होतं ते तोडलं. वेलिकाने रालित्साला फोन लावला आणि तो गर्दीकडे धरला.

मालिका संध्याकाळी अजून लागते. गावात तिचा आवाज बारीक ठेवतात आणि खोलीत कुणी एकटं बसत नाही. वेलिका आता फोटो वापरण्याआधी घरच्यांना विचारते, हा माणूस यात खरा आहे का.

पेटीवाल्या चौघांच्या आणि तिच्या तिकिटांचे मिळून पंधरा लेव्हा क्लबला द्यायचे राहिले आहेत.