थुंकी लावलेला टाका

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना दुसऱ्याची शिलाई म्हणून कधी पसंत पडली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी पडद्याची शिवण उलटून बघणार.

आणि बिघडावी कुठली शिवण, तर त्यांच्याच पोटाची! अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि जखमेत पू झाला. शिलाई मशीन घरात नुसतं पडून राहिलं. बायको चादरी फाडून, उकळून रोज पट्ट्या बदलायची. त्या पुवाचा वास तिच्या नाकात कायमचा बसला.

आता त्याच जागी हर्निया झाला. सर्जनबाई म्हणाल्या, या वेळी जंतुनाशक औषध चढवलेल्या धाग्याने पोट शिवू. धाग्यावर जंतू वाढत नाहीत, जखम चिघळायचा धोका कमी होतो. संपत मात्र नाही. मास्तरांनी धाग्याचा नंबर विचारला. बायकोने घरी जाऊन आणखी एक चादर फाडली.

ऑपरेशन सुरळीत झालं. पुढे पट्टीखाली धाग्याचं टोक टोचायला लागलं. मास्तरांचा जन्म सुईत धागा ओवण्यात गेलेला. त्यांनी पट्टी उचलली, बोट जिभेला लावलं आणि ते टोक थुंकीने नीट चोपून बसवलं. बायको पाणी घेऊन दारातच उभी होती.

तिने नर्सला बोलावलं आणि अख्ख्या वॉर्डासमोर मास्तरांची बिनपाण्याने केली. नर्सने जखम साफ करून नवी पट्टी लावली. सर्जनबाई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, औषध धाग्याला आहे. तुमच्या जिभेला नाही."

मग ताप मोजला की दोघं नर्सच्या तोंडाकडे बघत बसायची. मास्तर हात चादरीबाहेर ठेवून झोपायचे. स्वतःच्या हातांची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटत होती.

पट्टी सुटली तेव्हा बायकोने आधी वास घेतला. नुसता स्पिरिटचा. जखम कोरडी होती. धाग्याने वाचवलं की नर्सने, हे सर्जनबाईंनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

मास्तर पुन्हा मशीनवर बसले त्या दिवशी बायकोने उकळून ठेवलेल्या पट्ट्यांचं गाठोडं त्यांच्यापुढे टाकलं.

"यांची पायपुसणी शिवा."

मास्तरांनी धागा घेतला, टोक तोंडापर्यंत नेलं आणि तिच्याकडे बघत तसेच थांबले.

"घाला तोंडात," ती म्हणाली. "कापडाला चालतं."