मनगटापाशी कापलेला फोटो

अन्याय मास्तरांवर झाला. २००८ साली, दोहामध्ये. रमजान आणि गणपती एकाच महिन्यात आले होते ते वर्ष. अनंत चतुर्दशीनंतरच्या गुरुवारी त्यांचा एक फोटो ईमेलवर फिरला आणि संध्याकाळपर्यंत एका सरळ माणसाचं नाव खराब झालं. हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खरी नावं कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल. पटावी म्हणूनच लिहितोय.

मुंबई पोलिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी एका कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून दोहाला गेलो होतो. अल हिलालमध्ये फ्लॅट होता. वर्दी उतरली तरी तिथली मराठी मंडळी मला 'साहेब'च म्हणत.

मास्तर रत्नागिरीकडचे मुसलमान, एका कंपनीत अकाउंट्सला. दर शुक्रवारी सकाळी आमच्या मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायचे, म्हणून मास्तर. पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरांची मुलं घरी आईबापांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मास्तरांसमोर 'ळ' घोटायची. त्या वर्षी लोकांनीच आग्रह करून मास्तरांना मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभं केलं. तोवर मास्तर 'आपले' होते. अर्ज भरला आणि ते 'त्यांच्यातले' झाले.

फोटो मुऐदरमधल्या एका व्हिल्यातला होता. आमचा गणपती तिथे बसायचा. डावीकडे मूर्ती, मध्ये आरती करणारे, उजवीकडे दाराच्या उंबऱ्यावर मास्तर. देवाकडे पाठ. पायात बूट. खाली ओळ होती : 'आरतीला पाठ, प्रसादाला नकार. हे आपले अध्यक्ष?'

त्या आरतीला मी ड्युटीमुळे नव्हतो. फोटो बघून मीही क्षणभर थबकलो. आपल्याकडे देवासमोरून बाहेर पडणारासुद्धा लगेच पाठ करत नाही. दोन पावलं मागे सरकून मग वळतो.

त्याच दिवशी फोन आला. बाईचा आवाज.

"साहेब, मास्तर पाठ फिरवून उभे नव्हते. त्यांना तिथं उभं केलं होतं."

"कोण बोलतंय?"

फोन बंद. निनावी खबर. पोलीस ठाण्यात असताना अशी खबर आम्ही कधी टाकून देत नसू. नाव न सांगणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, घाबरलेला असतो.

मी पुन्हा फोटो उघडला. पोलिसाला फोटो मिळाला की तो आधी कडा बघतो. सगळ्या मंडळाने मास्तरांची पाठ बघितली, बूट बघितले. मी हात बघितला. उजवा हात मनगटापाशी संपत होता. एवढी मोठी मूर्ती चौकटीत नीट बसवणारा माणूस कडेच्या माणसाचं मनगट कशाला कापेल? पुढे काहीतरी होतं. ते काढून टाकलं होतं.

मग त्या संध्याकाळचे मंडळाकडचे सगळे फोटो मागवले. गर्दीत कोण आहे हे सगळेच बघतात. तपासात कोण नाही ते बघायचं. आरतीला हजर असून एकाही फोटोत नसलेला माणूस एकच होता, आमचा सेक्रेटरी. कॅमेरा त्याच्याच हातात होता.

शुक्रवारी दुपारी मी मदिनत खलीफाला त्याच्या घरी गेलो. टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक. त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता. तिथे एक काळा माणूस अध्यक्षपदाला उभा होता आणि त्याच्या नावावरून, बापाच्या देशावरून, धर्मावरून कुजबुज चालली होती.

"बघा साहेब," सेक्रेटरी म्हणाला, "एवढा शिकलेला देश आणि हे लोक अजून माणसाचा रंग बघतात, धर्म विचारतात! लाज वाटायला पाहिजे."

"वाटायला पाहिजे," मी म्हणालो. "मास्तरांच्या उजव्या हातात काय होतं?"

"कोणाच्या?"

मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत हीच युक्ती असते. एक प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही.

"मलाही तो मेलवरच आला हो, साहेब."

मी चहा पीत राहिलो.

"आणि मी काढला असेल तर काय? खोटा आहे का? पाठ आहे ना? बूट आहेत ना?"

त्याची बायको आतून आली. आवाज मी लगेच ओळखला, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"अहो, पूर्ण फोटो दाखवा त्यांना."

"तू आत जा."

"का? तबक माझ्याच हातात होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा तुमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 'मास्तर, तुम्ही बघा ना, तुम्हाला अरबी येतं,' असं कोण म्हणालं? मी?"

खलास. गडी तिथेच बसला.

पूर्ण फोटो मी त्याच्याच कॉम्प्युटरवर पाहिला. उंबऱ्यापलीकडे वर्दीची बाही होती. त्या बाहीतून पुढे आलेला तळहात आणि त्यावर खजूर. मास्तर एक उचलत होते.

झालं होतं असं. ढोलकीचा आवाज वाढला, रमजानचे दिवस, शेजाऱ्याने तक्रार केली. गस्तीची गाडी आली. मास्तर बूट चढवून फाटकावर गेले, बोलत बोलत पोलिसांबरोबर दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. आत आरती चालू राहिली. तेवढ्यात सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. मास्तरांना रोजा होता, पोलिसालाही होता. त्याने खिशातले खजूर पुढे केले. मास्तरांनी रोजा तिथेच सोडला, शुक्रान म्हणून आभार मानले, ढोलकी बंद करवतो असा शब्द दिला. गाडी गेली. प्रसादाला नकार म्हणतात तो त्याआधीचा. अरे, रोज्याच्या दिवसात सूर्य मावळायच्या आत माणूस मोदक कसा खाईल? हे मंडळातल्या एकालाही माहीत नव्हतं?

मी फोटो घेऊन तडक मास्तरांकडे गेलो. "आत्ता सगळ्यांना पाठवतो," म्हणालो.

"नको साहेब. ऱ्हावंदे."

"का?"

"त्यात वर्दी दिसते. हा फोटो फिरला तर व्हिला ज्याच्या नावावर आहे त्याला त्याचा स्पॉन्सर, ज्याच्या हातात त्याचा व्हिसा, जाब विचारणार नाही? पुढल्या वर्षी गणपतीला जागा कोण देईल? माझी अब्रू वाचवायला मी तुमचा गणपती बंद पाडू?"

"मग तुमचं काय?"

"ज्यांनी पायलंय, त्यांनी तोंडानं सांगावं. तेवढं पुरे."

तेवढंच. फोटो नको, पुरावा नको. आरतीच्या संध्याकाळी व्हिल्याचा हॉल माणसांनी भरलेला होता. मी एकेकाला फोन केले. "साहेब, आपण कशाला मध्ये पडायचं?" "तुम्ही म्हणता ते खरंय, पण माझं नाव नको." "इन्शाल्ला, बघू मीटिंगमध्ये." सेक्रेटरीची बायको तेवढी बोलायला तयार होती. मीटिंगला नवऱ्याने तिला घरीच ठेवलं.

मीटिंगमध्ये मी उभा राहून विचारलं, "त्या संध्याकाळी दारात काय घडलं ते कोण सांगतं?" कोणी घड्याळ बघितलं, कोणी मोबाइल. एकजण चहा आला का ते बघायला गेला. मास्तर उठले, अर्ज मागे घेतो म्हणाले आणि जाताना दाराकडे दोन पावलं मागे सरकून मग वळले. दाराच्या समोरच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती.

नोव्हेंबरात अमेरिकेत तो काळा उमेदवार जिंकला. आमच्या मंडळात पेढे वाटले. सेक्रेटरीने माझ्या हातात पेढा ठेवला. "पाहिलंत साहेब? रंग, धर्म, सगळं खलास! जग बदललं." तो पेढा मी त्याच्याच टेबलावर ठेवून आलो.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्या मागे लागलं की शेवटी कोणीतरी हाती लागतं. या प्रकरणात फोटो कापणारा मला एका दुपारी सापडला. मास्तरांना त्याने पाडलं नाही. खरं माहीत असून गप्प बसलेल्यांनी पाडलं आणि त्यांच्यावर लावायला कायद्यात कलम नाही.

आता तो व्हिला पाडला आहे. भाडेकरू केव्हाच भारतात परतला. कोणाचा व्हिसा जाणार नाही, कोणाचा गणपती बंद पडणार नाही. मास्तर रत्नागिरीला आहेत, थकले आहेत, अजून मुलांना शिकवतात. ज्यांच्यासाठी ते उंबऱ्यावर उभे राहिले त्यांच्यातल्या एकानेही अजून तोंड उघडलेलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही तिथे आरतीच्या टाळ्या वाजवत होतात. मास्तरांचा नंबर तुमच्याकडे आहे. त्यांना आज फोन करा. आणि त्यानंतर ज्यांना ज्यांना तो कापलेला फोटो पाठवलात, त्या प्रत्येकाला सांगा तुम्ही काय पाहिलं होतं. स्वतःचं नाव लावून सांगा.