ड्रेसरच्या पिशवीतला नारळ

कर्ली खाडीच्या पलीकडच्या वाडीत परशुराम कांदळकराला सगळे ‘डाक्तर’ म्हणत. तो डॉक्टर नव्हता, कंपाउंडरही नव्हता. दवाखान्यातला साधा ड्रेसर होता, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. पण खरा डॉक्टर कधी खाडी ओलांडून आला नाही आणि परशुराम दर गुरुवारी होडीतून उतरायचा. मग लोकांनी डॉक्टर म्हणायचं तरी कुणाला?

त्याच्या पाठीवर खाकी पिशवी असे. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली, दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवायची. परशुरामाचा बाप गलबतांची शिडं शिवायचा. बापाचीच जाड सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन परशुरामाने पिशवीला आतून शिडाच्या कापडाचे कप्पे शिवले होते. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू मिळाली पाहिजे, हा त्याचा हट्ट. खाऱ्या वाऱ्यात लोखंड चार दिवसांत गंजतं, म्हणून दर बुधवारी तो कात्री-चिमट्यांना खोबरेल चोळी, बाटल्यांची बुचं तपाशी, पिशवी उलटी करून उन्हात टांगी. तळहाताच्या फोडासारखी जपायचा ती.

“माझ्याकडे कधी इतक्या मायेन बघल्यात काय?” त्याची बायको सीता विचारायची. त्यावर परशुराम आणखी एक चिमटा पुसायला घ्यायचा.

या पिशवीला एकच शत्रू होता, लोकांची माया. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चार मिरच्या का होईना, घालूनच देतात. वाडीने तोच न्याय डॉक्टरच्या पिशवीला लावला. पैसे तो घेत नसे, म्हणून कुणी सुके बांगडे पुढे करी, कुणी आमसुलं. त्यासाठी तो हातात वेगळी कापडी पिशवी बाळगायचा. तरी काही हात पाठीमागून यायचेच. त्यात यमुनाबाईचा हात पहिला. म्हातारीच्या पायाला वर्षभर न भरणारी जखम होती. पट्टी झाली की ती त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवायला म्हणून मागे चालायची आणि हळूच बक्कल सोडून पिशवीत काहीतरी टाकायची. परशुरामाला कळायचं. बाहेर पडल्यावर ते काढून तो कापडी पिशवीत ठेवायचा.

अठ्ठावन्न साली त्या पिशवीत एक नवी चीज आली, सापाच्या विषावरची लस. रत्नागिरीपर्यंत अर्ज करकरून परशुरामाने ती मिळवली होती. काचेच्या कुपीत पूड, दुसऱ्या कुपीत पाणी. ती हातात पडली त्या गुरुवारी त्याने वाडीच्या माणसांना देवळासमोर गोळा केलं. वाडीत साप चावला असं कुणी म्हणत नाही, नाव घेतलं तर तो ऐकतो; ‘पान लागलं’ म्हणतात. आणि पान लागलं की मंत्र घालणाऱ्या घाड्याकडे धावतात. परशुराम म्हणाला, “यापुढे गुरवारी कोणाक पान लागला, तर पयलो माका बोलवा. घाड्याक मागसून. माझो शब्द आसा.”

माणसं मान हलवून गेली. विश्वास किती बसला, देव जाणे.

पावसाळा सरल्यावर सिरिंज ठेवायचा पत्र्याचा डबा सांध्यातून पाझरू लागला. त्यातच सिरिंज उकळायची, म्हणजे डबा धड हवा. परशुरामाने तो डाख लावायला मालवणात दिला. आठवड्याचाच प्रश्न होता. काचेची सिरिंज त्याने कापसात गुंडाळली, वर फडकं बांधलं आणि मधल्या कप्प्यात ठेवली. दुसरी सिरिंज त्याच्याकडे नव्हती. त्या गुरुवारी वाडीला जाऊ नये असं त्याच्या मनात एकदा आलंही. मग यमुनाबाईची पट्टी आठवली आणि तो निघाला.

पट्टी झाली. म्हातारी मागून आली, बक्कल वाजलं आणि पाठीवर एकदम भार आला. सोललेला नारळ, मोठा. आज नको, म्हणायला हवं होतं. पण वळून बघितलं असतं तर ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली असती. तिचं मन मोडवेना. होडीवर गेल्यावर काढू, असं म्हणून तो चालू लागला.

तरीपाशी, होडी लागायच्या जागी, पोचतो न पोचतो तोच मागून शिवा धावत आला. शिवा वाडीतला रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा; उघडाबंब, धापा टाकणारा.

“डाक्तरानू, बेगीन येवा. गंगूक पान लागला. झावळां उचलताना. नागच होतो. तुमी सांगितल्यात तसो पयलो तुमच्याकडे इलंय. घाड्याक बोलयलंय नाय.”

परशुरामाचं काळीज भरून आलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला आनंदच झाला, आणि त्या आनंदाची लाज त्याला पुढे जन्मभर वाटली. तो धावला. नारळाची आठवण कुणाला? कातळावरून, पायवाटेवरून, मध्ये कमरेइतका दगडी गडगा आला त्यावरून त्याने सरळ उडी मारली. पाठीत ‘टक्’ असा आवाज झाला. तो थांबला नाही.

शिवाची बायको गंगू ओसरीवर टेकून बसली होती. पापण्या जड होऊन मिटू लागल्या होत्या. परशुरामाने पायावर पट्टी आवळली, चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं, कुपी काढली आणि डोळे मिटूनही सापडेल अशा त्या कप्प्यात हात घातला. बोटं रक्ताळून बाहेर आली. फडक्यात काचेचा चुरा होता. वर नारळ बसला होता, तसाच अखंड.

“औषद आसा मां?” शिवाने विचारलं.

औषध होतं. सुयाही होत्या. ते अंगात घालायला काही नव्हतं. दुसरी सिरिंज खाडीपलीकडे, मालवणात. परशुरामाने तरीही पूड पाण्यात विरघळवली आणि चाव्याच्या जखमेवर ओतली. काडीचा उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं. पण शिवा बघत होता. मग दोघांनी तिला झोळीत घालून तरीवर आणलं. ओहोटी लागली होती; होडी चिखलातून ढकलत पाण्यात न्यायला वेळ गेला. खाडीच्या मध्यावर गंगूचा जीव गेला. शिवा होडीत उभा राहून एकच बोलला, “घाड्याक बोलयलंय नाय मी.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, “सिरिंज फुटली कशी?” परशुराम म्हणाला, “गडग्यावरून उडी मारताना फुटली, साहेब.” डॉक्टरांनी ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. त्याला तो कमीच वाटला.

घरी आलेल्या भेटी नेहमी सीताच काढून घ्यायची, तशा तिने त्या दिवशी दोन्ही पिशव्यांतून काढल्या. तिला काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तिने पानात बांगड्याची आमटी वाढली, ओल्या खोबऱ्याचं वाटप भरपूर घातलेली. तो अर्धी जेवला आणि मग त्याला कळलं की हे खोबरं कुठलं. ताट त्याने संपवलं.

पुढच्या बुधवारी त्याने बापाची सुई काढली, पिशवीचं तोंड उसवलं आणि ते पाठीला चिकटेल अशा बाजूला शिवून घेतलं. आता पिशवी खांद्यावरून उतरवल्याशिवाय कुणालाच उघडता येणार नव्हती. इतकी सोपी गोष्ट आधी सुचली नाही. मेल्या डोक्याला हे शहाणपण गंगू गेल्यावर सुचलं.

गुरुवारी तरीपाशी शिवा जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही. वाटेत तिघांनी दारं लावून घेतली. यमुनाबाईने मात्र पाय पुढे केला. पट्टी झाल्यावर ती मागून आली, तिचे हात पिशवीवर इकडेतिकडे चाचपत राहिले.

“तोंड खंय गेला रे झिला हेचा? माझो नारळ नको झालो काय तुका?”

“तसा नाय, आये.”

“मागचो गोड होतो मां?”

परशुराम पाठमोराच उभा होता. “होय,” तो म्हणाला, “गोड होतो.”

म्हातारीने समोर येऊन नारळ त्याच्या हातात दिला. तसाच हातात धरून परशुराम शिवासमोरून होडीत चढला.