शहाणं लेकरू

नातसुनेच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला. नर्सबाई तिला सांगत होत्या, पहिला चीक वाया घालवू नका, बाळाला तोच पाजा. मी उंबऱ्यातूनच मागं फिरले.

निजामाच्या राजवटीत, गेवराईजवळच्या माहेरी, मीही अशाच धुरीत बाजेवर पडून होते. पहिलटकरीण. पिवळा चीक लेकराला जड जातो, असं तेव्हा सगळ्याच बाया मानायच्या. माय तो पितळी वाटीत पिळून घ्यायची आणि पायदळी येऊ नये म्हणून परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतायची. बाळाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात.

पुढं पदराखाली घेतलं, तर ते नुसतं झोपायचं. ओठांवर दूध ओघळायचं, पण ते काही चोखायचं नाही. मी त्याचे तळवे चोळले, कानाची पाळी ओढली.

"उठवू नगंस," सुईण म्हणाली. "लई शहाणं लेकरू हाय. रडतच न्हाई."

बघायला येणाऱ्या बायाही तेच म्हणायच्या. माय कौतुकानं त्याची दृष्ट काढायची. माझी चोळी भिजून कडक व्हायची आणि ते मांडीवर निजलेलंच.

पाचवी पुजायच्या सकाळी ते हाताला गार लागलं.

दूध मात्र थांबेना. छाती दगडासारखी झाली, तेव्हा माय तीच वाटी घेऊन समोर बसली. वाटी भरली की शेवग्याकडं जायची.

आता ते दूध पांढरं, पातळ होतं. कुठल्याही लेकराला पचेल असं.