निवट्यांची मास्तरीण

टाकीत बोट बुडवायचं, ते जिभेला लावायचं आणि क्षणभर डोळे मिटायचे. आमच्या प्रयोगशाळेत काहीही चाखायला सक्त मनाई होती. तशी पाटी मीच लावली होती, इंग्रजीत आणि मराठीत. ती रोज त्याच पाटीखाली उभी राहून खाडीचं पाणी चाखायची आणि सांगायची, "खारटलंय. तांब्याभर गोडं पानी घाल गो मॅडम." मग मी यंत्राने क्षार मोजायचे, आणि तांब्याभर गोडं पाणी घालायचे.

मुलांनो, तुमच्यापैकी एकीने परवा फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या वेळी लॅबमध्ये काही अडलं की कुणाला विचारायचात?" त्याचं हे उत्तर.

सगळे तिला मावशी म्हणत. ठाण्याच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, तिथे ती काचा धुवायची, खाडीतून आम्हाला प्राणी आणून द्यायची. बाळकुमच्या कोळ्यांची लेक आणि सूनही. शिक्षण चौथी. भरती कधी, हे ती पंचांग न बघता सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. "आज पंचमी ना? पावनेचारला पानी भरंल." तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते कुठे लिहिलं गेलं, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉलेजात इंटरनेट आलं; म्हणजे एक संगणक, एक मोडेम आणि ऑफिसची फोनलाइन. जोडणी होत असताना कारकुनाने रिसीव्हर उचलला की तो मोडेमच्या किंचाळण्याला दोनदा "हॅलो" म्हणायचा आणि सगळं बंद पडायचं. म्हणून मी बुधवारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत जायचे. इंटरनेटवर जीवशास्त्राच्या संशोधकांची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचे. कुणी पेशी रंगवायची कृती विचारी, कुणी जुनी भिंगं देऊ करी, कुणी प्रशिक्षणाच्या जागा कळवी. तीन महिने मी नुसती घेत होते. आमच्याकडे द्यायला होतं काय?

एका बुधवारी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून एका संशोधक मुलीचं पत्र आलं. तिचे निवटे मरत होते. निवटा म्हणजे चिखलावर सरपटणारा, वर आलेल्या डोळ्यांचा मासा. आणलेला प्रत्येक मासा आठ-दहा दिवसांत संपे. आता बारा उरले होते आणि तिचं दोन वर्षांचं काम त्या बारांवर होतं. लोकांनी सुचवलं होतं, पाणी बदला, औषध घाला, खाद्य बदला. मी कागद छापून आणला आणि काचा पुसणाऱ्या मावशीला मराठीत वाचून दाखवला.

ती हसायलाच लागली. "काठोकाठ भरलेली टाकी? अगो, बुडवून मारतेय ती त्यांना! आन् खायला काय देते?"

"विकतचं खाद्य. गोळ्या."

"निवटा ताटातलं खात नाय. त्यो चिखल चाटतो."

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन पडलं की तपकिरी-हिरवी साय धरते. तेच त्याचं जेवण. मी वर्गात हे शिकवत होते, आणि तरी पत्र वाचताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशीने सगळं सांगितलं. परातीत खाडीचा चिखल घे, उन्हात ठेव, दिवसातून दोनदा पाणी चढव आणि उतरव, त्याला घर खणू दे. शेवटी म्हणाली, "कोनी सांगितलं, ते पन लिव."

मी नीटनेटके सहा मुद्दे लिहिले आणि खाली सवयीने माझं नाव, माझी पदवी, माझा विभाग.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बारांपैकी अकरा निवटे जगले होते, चिखल चाटत होते. 'मॅडम, तुम्ही माझं काम वाचवलंत.' मी ते धावत जाऊन मावशीला वाचून दाखवलं.

"अकरा जगले. बरं झालं," ती म्हणाली. मग हात पुसून विचारलं, "यात मी कुठं हाय?"

"लिहायचं राहिलं, मावशी."

"राहिलं," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली. पुढचा आठवडाभर तिने पाणी चाखलं नाही. पाटीचा नियम प्रथमच पाळला जात होता, आणि मला तो बघवत नव्हता.

बुधवारी मी लिस्टवर लिहिलं, की ते सहा मुद्दे माझे नाहीत. पुढे तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मी फक्त टंकलेखन केलं, हेही. अर्ध्यात जेवून परतलेल्या कारकुनाने फोन उचलला. मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

मग पत्रं तिच्या नावाने येऊ लागली. खेकडे कसे न्यावेत? कालवं किती वेळ तग धरतात? मी वाचायचे, ती सांगायची, मी लिहायचे. वर्षभरात एका संस्थेने विचारलं, आमच्या बारा संशोधकांना या बाई शिकवतील का?

प्राचार्य म्हणाले, "प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव घालू. मावशी बादल्या धरतील."

"बादल्या मी धरीन, सर. पत्र त्यांना आलंय."

त्यांनी चष्मा काढून पत्र पुन्हा वाचलं. "बरं. मग रविवारी ठेवू."

"खाडीला रविवार नसतो, साहेब," मावशी दारातून म्हणाली. "चवथीला ठेवा. नऊला पानी उतरलेलं असंल."

चतुर्थीला नऊ वाजता बाळकुमच्या काठावर बारा जण उभे होते. दोघे परदेशी, सगळ्यांच्या पायांत नवे बूट. "बूट काढा. पायाला चिखल कळला पायजे." तिने लुगडं खोचलं, चिखलावर फळी टाकली, तिच्यावर एक गुडघा टेकला आणि दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून अशी सरकत गेली, की बाराही जण बघत राहिले. एक उंच प्राध्यापक मांडीपर्यंत रुतला.

"हलू नको रे! जेवढा हलशील तेवढा आत जाशील!"

मी भाषांतर करण्याआधीच तो थिजला आणि ओरडला, "येस, मॅडम!" त्या दिवशी मॅडम मी नव्हते. माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. बारा वाजेपर्यंत प्रत्येकाने एक तरी निवटा हाताने धरला होता आणि प्रत्येकाने खाडीचं पाणी बोटाने चाखलं होतं.

संध्याकाळी प्रमाणपत्रं आली. खाली छापलेलं होतं, 'प्रशिक्षक'. तिने माझं पेन घेतलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकेक अक्षर सुटं. बारा वेळा. सातव्या प्रमाणपत्रानंतर थांबून तिने पेनाचं टोक पदराला पुसलं. चहा निवला, पण कुणी कपाला हात लावला नाही. प्राचार्यसुद्धा उभे होते. बारावी सही झाली तेव्हा ती बोटं मोडत म्हणाली, "हात दुखला गो," आणि खोली टाळ्यांनी भरून गेली.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या काठामागे उंच इमारती उभ्या आहेत. दक्षिणेच्या त्या मुलीची आता स्वतःची प्रयोगशाळा आहे. खाडीकाठच्या त्या बारा जणांत तीही होती. गेल्या महिन्यात तिने मला एक फोटो पाठवला. खिडकीत उन्हात चिखलाची परात आणि वर भिंतीवर काचेत बसवलेलं तिचं प्रमाणपत्र.

तो फोटो या पत्रासोबत ठेवला आहे. खालची सही वाचा. अक्षरं सुटी आहेत, तुम्हाला जमेल. घाई करू नका. तिनेही केली नव्हती.