कुलूपकाकांनी काढून टाकलेला प्रश्न

कुलूपकाका संध्याकाळी ऑफिसचं शटर ओढायचे, कुलूप लावायचे, ते दोन्ही हातांनी खेचून पाहायचे आणि निघायचे. गल्लीच्या तोंडाशी वडापावच्या गाडीपर्यंत पोचले की पाय अडखळायचे. मग मागे वळून पुन्हा शटरपाशी आणि पुन्हा कुलूप खेचणं. गाडीवाला लांबूनच ओरडायचा, "काका, लागलंय!" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "ते तू बघितलंस. मी कुठे बघितलं?" त्यांचं खरं नाव ऑफिसात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीतला एक लांबट गाळा. काम जरा विचित्र होतं. कुठल्याशा कारखान्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा संगणक असतो, त्यावर एकच जुना प्रोग्राम चालतो आणि सगळा धंदा त्या प्रोग्रामवर. संगणक मरायला टेकतो, प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही. मग आम्हाला बोलावणं. आम्ही त्या जुन्या डिस्कमधलं सगळंच्या सगळं उचलून एका फाइलमध्ये भरायचो. तिला आम्ही इमेज म्हणायचो. आणि नव्या संगणकावर आमचा एम्युलेटर बसवायचो, म्हणजे जुन्या संगणकाचं सोंग घेणारा प्रोग्राम. ती फाइल म्हणजे खरीच डिस्क आहे असं त्या सोंगाला वाटायचं आणि गाडी पुढे चालू. ही इमेज कशी जोडायची, तिच्यात लिहू द्यायचं की नाही, लिहिलेलं कुठे जायचं, हे ठरवायचा जो पडदा होता तो कुलूपकाकांचा. तिथे दुसऱ्या कोणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही.

सेटिंग वाढवायचं म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे. "हा प्रश्न तू कोणाला विचारते आहेस, स्मिता? अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला. त्याचे हात रंगाने भरलेत, मागे शेठ उभा आहे. त्याला उत्तर येणार आहे का? नाही ना? मग ते उत्तर आपण द्यायचं. आपल्याला ठरवता येत नाही म्हणून लोकांना विचारत बसायचं, याला मी सेटिंग म्हणत नाही." मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, अंगात मस्ती. मला वाटायचं, जितकी बटणं जास्त तितका आपला माल भारी. काकांनी माझी बटणं इतक्या वेळा काढून टाकली की पुढे पुढे मी ती चोरून घालायला लागले. ती तरी कुठे टिकली!

शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांची हुशारी घरी डोंबिवलीला बसलेली असायची. डबा उघडला की ते बायकोला, म्हणजे हिराकाकूंना, फोन लावायचे आणि फोन स्पीकरवर टाकून डब्याच्या झाकणावर ठेवायचे. "ऐक गं. 'प्रतिमा केवळ वाचनार्थ जोडा.' काय समजलीस?" पलीकडून काकू, "देवाच्या फोटोला काहीतरी करायचंय का?" आम्ही सगळे तोंडात घास धरून हसू दाबायचो. काका मात्र गंभीरपणे लिहून घ्यायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, पेटी नुसती बघायचीय की वापरायचीय, एवढंच विचारा ना माणसाला." आजही आमच्या पडद्यावर दोनच गोल आहेत, 'फक्त बघायचंय' आणि 'वापरायचंय'. पहिल्यात लिहिता येत नाही असं नाही. जुना प्रोग्राम लिहिल्याशिवाय चालतच नाही, म्हणून तो लिहील ते तेव्हा एका तात्पुरत्या फाइलमध्ये जायचं आणि खिडकी बंद केली की ती फाइल पुसली जायची. मूळ इमेजला धक्का लागत नाही. काही न निवडता पुढे गेलात तर पहिलाच गोल लागू होतो. काकांचं कुलूप ते हेच.

आधी खिडकी बंद करताना एक प्रश्न यायचा, 'बदल ठेवायचे का?' तो काकांनी काढून टाकला. कारणही तसंच घडलं होतं. त्याच रंगाच्या कारखान्यातल्या एका माणसाने भलतंच काहीतरी दाबून सगळी मिश्रणं उलटीपालटी केली, घाबरून खिडकी बंद केली आणि प्रश्न आला तेव्हा न वाचता 'हो' दाबलं. जुनी मिश्रणं गेली ती गेली. शेठ आमच्या गाळ्यात येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुधाने तोंड पोळलेले काका मग ताकही फुंकायला लागले. मी म्हटलं, "काका, प्रश्न राहू द्या. एखाद्याने चांगलं काम केलं आणि ते गेलं तर?" ते म्हणाले, "ज्याला ठेवायचंय त्याने आत शिरतानाच 'वापरायचंय' म्हणून सांगावं. जाताना माणूस घाईत असतो. घाईतल्या माणसाला विचारू नये." मी भांडले. "मग नवं लिहिलेलं बाजूला तरी ठेवा." त्यावर, "बाजूला ठेवलेल्याचा ढीग होतो आणि ढिगात कोणी बघत नाही." विषय संपला. प्रश्न गेला.

काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या दिवा स्टेशनजवळच्या एका गावातल्या, आगरी घरातल्या. काका डोंबिवलीच्या ब्राह्मण घरातले. या लग्नावरून दोन्हीकडे काय काय झालं ते काका कधी सांगायचे नाहीत, काकू रंगवून सांगायच्या. त्यांची आई धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले तिच्या तोंडी, तिच्या गाण्याशिवाय मांडवात पान हलायचं नाही. गावात शेतं होती, मिठागरं होती, आता इमारतींना इमारती लागल्यात आणि पाण्याचा टँकर आला की भांडणं. आई गेली तेव्हा काकूंनी आठवतील तेवढी गाणी घरच्या पहिल्या संगणकावर टाइप करून ठेवली. तो मराठी टायपिंगचा प्रोग्राम आता कुठे मिळत नाही आणि त्यातली अक्षरं दुसरीकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून संगणक खरखरायला लागल्यावर काकांनी त्याची इमेज केली आणि आमचा एम्युलेटर लॅपटॉपवर बसवून दिला. "आईच्या गाण्यांना काही व्हायला नको हं," काकू म्हणाल्या. काकांनी अर्थातच 'फक्त बघायचंय' लावलं.

मग काकू आजारी पडल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि ते वाईट निघालं. दुपारचे फोन चालू राहिले, पण काकूंचा आवाज बारीक झाला होता आणि काका आता शब्द न विचारता "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. दिवसा काकूंची धाकटी बहीण मंदाताई दिव्याहून येऊन बसायची. पुढचं तिनेच आम्हाला नंतर सांगितलं. दुखणं वाढलं तशी काकूंना आईची राहिलेली गाणी आठवायला लागली. कधीच्या विसरलेल्या ओळी, कधी अर्धं गाणं, कधी अख्खं. लॅपटॉप पलंगाला लावलेल्या टेबलावर असायचा. बसवेल तेवढा वेळ त्या टाइप करायच्या, थकल्या की झाकण मिटायचं. खिडकी कधी बंद केलीच नाही. जुना प्रोग्राम दर वेळी सांगायचा, 'जतन झाले.' त्याच्या परीने तो खरंच सांगत होता. काकांना कळवायचं नाही असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. ते ओरडतील, आराम कर म्हणतील. मंदाताईच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तिच्या हळदीला सगळी गाणी एकदम काढायची आणि काकांना चकित करायचं.

ज्या दिवशी काकूंना दवाखान्यात हलवलं त्या दिवशी मंदाताई त्यांच्याबरोबर गेली आणि काका कपडे घ्यायला घरी आले. घर उघडं टाकून जाणारा हा माणूस नव्हे. गॅस बंद केला, नळ तपासले, खिडक्या लावल्या. टेबलावर लॅपटॉप चालू दिसला, तोही नीट बंद केला. एम्युलेटरने काही विचारलं नाही. मग दाराला कुलूप लावून ते खेचून पाहिलं आणि जिना उतरून पुन्हा वर येऊन पुन्हा पाहिलं.

काकू त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

दिवस झाल्यावर मंदाताईने सहज विचारलं, "भावजी, बायनं लिवलेली गानी कारून द्या ना. पोरीच्या हलदीला लागतील." काकांना वाटलं, जुनी गाणी. ती काढून दिली. ती म्हणाली, "ही नाय. आता लिवलेली." आणि सगळं सांगितलं.

काकांचा मला फोन आला तो रविवारी. मी कल्याणहून डोंबिवलीला गेले. दार उघडंच होतं. लॅपटॉप त्याच टेबलावर, पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. काका म्हणाले, "तू एकदा बघ गं. मला दिसत नसेल." मी बघितलं. जे मला दिसलं ते त्यांना आधीच दिसलं होतं. तरी मी पुसलेल्या फाइली शोधणारे होते नव्हते ते सगळे प्रोग्राम चालवले. नव्या लॅपटॉपची डिस्क पुसलेल्याचा मागमूसही ठेवत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मंदाताई चहा घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तिथेच उभी राहिली.

"ताई, तुम्हाला येतात का त्यातली?" मी विचारलं.

"मना पयली ओलच येते गो," ती म्हणाली. "फुरं बायच गायची. मी नुसती हो ला हो."

काकांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाले, "मीच बंद केला, स्मिता. ह्या हातांनी, व्यवस्थित." भांडण मी जिंकले होते आणि असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

सोमवारी ते ऑफिसला आले, जागेवर बसले आणि काढून टाकलेला प्रश्न परत घालायला लागले. नुसता परत नाही. आता नवं लिहिलेलं कायम बाजूच्या फाइलमध्ये राहणार, उत्तर दिलं नाही तरी राहणार, वीज गेली तरी राहणार. मूळ इमेजला तरीही हात लागणार नाही. सगळं झालं आणि शब्दांपाशी गाडं अडलं. जेवायच्या वेळी डबा उघडून त्यांनी सवयीने फोन झाकणावर ठेवला आणि तसाच बघत बसले. ऑफिसात कोणी घास उचलेना. शेवटी मीच म्हटलं, "काका, 'आज केलेलं ठेवायचं का?' असं लिहू या?" त्यांनी मान डोलावली. "हिलाही कळलं असतं," म्हणाले.

मंदाताईच्या मुलीच्या हळदीला ते गेले होते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, गाणी झाली का? "पहिली ओळ झाली," ते म्हणाले. "बायका थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पोरांनी डीजे लावला."

त्यानंतर ते ऑफिसात फार दिवस टिकले नाहीत. काम जमत होतं, पण मन लागत नाही म्हणाले. शेवटच्या संध्याकाळी शटर त्यांनीच ओढलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "काका, माझं काही चुकलं तर ओरडायला तरी या अधूनमधून." ते हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "मी म्हणायचो ना, ठेवायचंय की नाही ते माणसाने आत शिरतानाच सांगावं. अगं, आत शिरताना कोणाला माहीत असतं?"

अजून गिऱ्हाइकांचे फोन येतात. "मॅडम, तो बंद करतानाचा प्रश्न डोक्यात जातो यार. तो बंद करायला काहीतरी सेटिंग द्या ना." मी सांगते, ते सेटिंग मिळणार नाही. का, ते सांगत नाही.

काकांच्या त्या शेवटच्या संध्याकाळी मी कुलूप लावलं. काका शेजारी उभे होते. मी वाट बघितली. गाडीवालाही वडे तळायचं थांबून आमच्याकडेच बघत होता. काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि डेपोच्या बाजूने चालायला लागले. गाडीपाशी ते थांबले नाहीत. कुलूप त्यांनी एकदाही खेचून पाहिलं नाही.