नळाच्या पाण्यातले जीव

आमच्या धंद्यात कॉम्प्युटर राबतो आणि माणसं वाट बघतात. जिवाणूंचा डीएनए वाचायला लावला की पडद्यावर नुसती ए, टी, जी, सी ही अक्षरं सरकत राहतात. आम्ही खिडकीशी चहा घेऊन बसतो आणि हा जीव कुठून कुठून फिरून आला असेल, याची स्वप्नं बघतो. किस्से साचणारच!

*

आमची लॅब नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. एकदा एक आजी एक जिना जास्त चढून आल्या. आमच्या सायलीने कौतुकाने त्यांना ती अक्षरं दाखवली. आजी बराच वेळ हरवल्यासारख्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं सगळं वाचून झालं, की मग तरी गोळी देशील ना गं?"

*

माझे डोंबिवलीचे काका घराण्याचा कुलवृत्तांत काढायला निघालेले. "जिवाणूंची वंशावळ काढतोस, मग आपली का नाही?"

मी सांगितलं, आमच्या वंशवृक्षाचं मूळ ठरवायला घराबाहेरचा एक नमुना मुद्दाम घालावा लागतो. एक तरी परका हवाच.

काकांनी गंभीरपणे विचार केला. "जावई चालतील?"

*

सायली राहते दिवा स्टेशनजवळ. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. पाइपात अडून राहिलेल्या त्या पाण्यात कोण कोण राहतं, यावर तिला पीएचडी करायची होती. घरच्या पिंपातल्या पाण्याचा रिझल्ट आला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. "अरे, आपण एकटे नसतोच रे कधी!"

तिने घरी जाऊन आईला सांगितलं. आई दचकली. "हे बाहेर बोलू नकोस. लग्न व्हायचंय तुझं!"

*

लॅबमधलं तिचं कंत्राट मार्चला संपणार होतं. पीएचडीला नंबर लागला तर ठीक, नाहीतर एप्रिलपासून बँकेच्या परीक्षा, असं तिच्या बाबांनी बजावलेलं. त्यांनी मला गाठलं. "ह्यात पुढे काय होता येतं रे?"

"खूप काही, काका! औषध कंपन्या, हॉस्पिटलं, परदेशातल्या लॅब..."

"तू काय झालास?"

मी चहा संपवला.

*

आणि मग पीएचडीची मुलाखत. घरूनच, ऑनलाइन. समोर तीन प्राध्यापक. "हाच विषय का?" असं त्यांनी विचारलं, आणि जिन्यात कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

सायली उठली आणि बाटली घेऊन धावत सुटली. मुलाखत चालू आहे हेच ती विसरली!

रिकाम्या खुर्चीकडे बघून बाबा दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी तेच येऊन बसले. "सर, घ्या नाहीतर नका घेऊ, पण दोन मिनिटं थांबा. नळाचं पहिलं पाणी ती कुणाला भरू देत नाही. मलासुद्धा नाही."

सायली धापा टाकत आली, ओढणी चिंब. तिला पाहून बाबा उठले. "बस तू. हंडे मी बघतो."

मग ती बोलत राहिली. पाणी भरून झालं, गेलंसुद्धा, तरी ती त्या बाटलीबद्दलच बोलत होती.

तिघांतल्या वयस्कर मॅडमनी चष्मा काढला. "फ्रीजमध्ये ठेव ती. येताना घेऊन ये."